झाडसुद्धा पळालं

शेडमध्ये जमवलेली सगळी पोरं एका दमात ओरडली, "झाडसुद्धा पळालं!" आणि हसत हसत एकमेकांच्या अंगावर कोसळली.

"अजून जोरात!" सहायक दिग्दर्शक भोंग्यातून म्हणाला. "पोट धरून हसायचं. घरी आईचा ओरडा खाताना हसू दाबता ना, तेवढं सगळं आज इथे काढायचं. चला, पुन्हा!"

मधली दाराशीच थांबली. तिचं काम दुपारनंतर होतं. ती सकाळीच आली होती ती केवळ हा प्रसंग बघायला, कारण सबंध सिनेमात तिला मनापासून आवडणारा हा एकच प्रसंग होता.

त्या तिघी सख्ख्या बहिणी. थोरली गाणी बांधायची आणि गिटार वाजवायची, मधली गायची, धाकटी ड्रम बडवायची. सुरुवातीला जो तो म्हणायचा, तीन तिघाडा, काम बिघाडा. लोकांनी ठेवायच्या आत नाव आपणच ठेवून घ्यावं म्हणून त्यांनी बँडचंच नाव 'तीन तिघाडा' करून टाकलं. आता त्यांची गाणी रिक्षापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे वाजत होती, आणि त्यांच्यावर सिनेमा निघत होता. गाण्यांचा, विनोदी, आणि त्यात त्या तिघींचं काम त्या तिघीच करणार होत्या. सिनेमाचं नाव अर्थात 'काम बिघाडा'.

या धुडगुसात एक जागा खरी होती. मधली नऊ वर्षांची असताना शाळेच्या कार्यक्रमात एकटी गायला उभी राहिली. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला, आणि सगळी शाळा हसली. ती तिथेच थिजली. तेव्हा थोरली विंगेत होती, पुढच्या नाटकातलं झाड होऊन. ती पुठ्ठ्याच्या खोडासकट, फांद्या पडद्यात अडकवत स्टेजवर आली, बहिणीचा डावा हात धरला आणि पुढची ओळ गाऊ लागली. लोक आणखी हसले, पण आता झाडाला. मधलीने गाणं पुरं केलं. तीन तिघाडाचा जन्म झाला तो त्या दिवशी, असं तिघी मुलाखतीत सांगायच्या.

"ही पोरं काय ओरडतायत?" तिने सहायकाला विचारलं.

"पंचलाइन आहे मॅडम. तुम्ही लहानपणी गाता, आवाज फाटतो, झाड कानात बोळे घालून पळून जातं. पोरं ओरडतात, 'झाडसुद्धा पळालं!' मग पुढे सबंध सिनेमाभर तुम्ही गायला तोंड उघडलं की कोणी ना कोणी हेच म्हणतं. शेवटी तर पोलीस म्हणतो. हसून मेलो आम्ही."

मधलीला ठसका लागला. हे तिला माहीत नव्हतं, आणि त्यात कोणी तिच्यापासून लपवलंही नव्हतं. पटकथेच्या वाचनाच्या दिवशी तिघींनी गाण्याच्या सवयीने आपापल्या ओळी तेवढ्या वाचल्या होत्या. लहानपणीच्या पानांवर ओळी होत्या त्या लहान मुलीच्या. दिग्दर्शक म्हणाला होता, "हा तो शाळेतला प्रसंग," आणि मधलीच म्हणाली होती, "माहितीये, पुढे चला." स्वतः जगलेला प्रसंग कोण वाचत बसतं? मग तिघींनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे टेबलावर हात ठेवले होते. बँडचा कायदा एवढाच होता: तीन हात टेबलावर असतील तर काम करायचं, एक जरी उचलला तरी नाही. तिचा हात टेबलावर होता.

पण थोरलीला माहीत होतं. झाडाचं काम थोरलीच करत होती. एवढी मोठी बाई चिल्ल्यापिल्ल्यांत झाड होऊन उभी, हा दिग्दर्शकाच्या मते आणखी एक विनोद होता.

मेकअपच्या खोलीत थोरली उभी होती, कारण तिला बसता येत नव्हतं. गळ्यापासून घोट्यापर्यंत स्पंजचं खोड, दोन्ही हात तारेच्या फांद्यांत ताणून बांधलेले, डोक्यावर कापडी पानांचा ढीग. मधोमध तेवढा चेहरा. रंगवणारा त्या चेहऱ्यावर तपकिरी पट्टे ओढत होता.

"आलीस?" थोरली म्हणाली. "बरं झालं. नाक खाजतंय कधीचं. जरा खाजव."

मधली जागची हलली नाही. "झाड पळतं?"

"कुठलं झाड?"

"तू. तू पळतेस? कानात पानं कोंबून?"

"पानं नाहीत, कापूस. पानं कानात राहीनात. आम्ही करून बघितलं."

रंगवणाऱ्याने एकदा या बहिणीकडे आणि एकदा त्या बहिणीकडे पाहिलं. "मी जरा ब्रश धुऊन येतो," म्हणाला आणि सटकला. ब्रश स्वच्छच होता.

"तू त्यांना हे सांगितलंस," मधली म्हणाली. "आपल्या दोघींत होतं ते. आणि सांगितलंस तेही उलटं."

"आपल्या दोघींत? दर मुलाखतीत तूच सांगतेस की ते."

"खरं सांगते! तू आलीस असं सांगते. ताई, मी आजही स्टेजवर जाताना डावा हात मिटून जाते. का माहितीये? तिथे तुझी फांदी असते. त्या फांदीचं तू काय केलंस? लोकांना हसायला विकलीस."

"हे बघ, विनोदी सिनेमा आहे. बहिणीने बहिणीचा हात धरला, यात हसायचं कुठे? ते म्हणाले, झाड पळालं तर? मला हसू आलं. मी हो म्हटलं. आणि तुझाही हात होता टेबलावर. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय."

"मी तुझ्या भरवशावर ठेवला!"

"मग वाचून ठेवायचा! प्रत्येक वेळी ताईच्या भरवशावर, ताईच्या भरवशावर! ताई काय उंबरठा आहे, येता-जाता पाय ठेवायला?" थोरलीने तावातावाने हात हलवला. फांदी आरशाला लागली, दोन पानं गळली. "त्या दिवशी माझं काय झालं, विचारलंस कधी?"

"काय झालं?"

"नाटकात माझं एक वाक्य होतं. 'थांब वाटसरू, माझ्या सावलीत बस.' महिनाभर घरात सावली सावली करत फिरत होते. बाबांना जेवताना ऐकवलं, आईला भांडी घासताना ऐकवलं. आणि मी तुझ्यासाठी आधीच स्टेजवर आले म्हणून बाईंनी मला काढलं. माझं झाड त्या दात पुढे असलेल्या पोरीला दिलं. ती सावली म्हणाली आणि तिला टाळ्या पडल्या. मी विंगेत उघडी उभी, नुसत्या पेटीकोटवर. घरी आल्यावर आई-बाबा काय म्हणाले? 'मधली किती धीराची!' झालं. त्या दिवसापासून तू धीराची आणि मी झाड. आता तेच झाड एकदा लोकांना हसवतंय, तर तेही तुला खुपतंय."

मधलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "हे तू कधी बोलली नाहीस," ती म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस. आता नाक खाजवणार असशील तर खाजव, नाहीतर चालू लाग."

मधली चालू लागली. राग कमी झाला नव्हता. उलट, ज्या खुंटीला तो टांगला होता ती खुंटीच हलू लागली होती, आणि त्यामुळे तो जास्तच जड झाला होता. थोरलीने चूक केली होती. आणि थोरलीवरही अन्याय झाला होता. दोन्ही एकदम खरं असलं की माणसाला ओरडायला नेमकी दिशा मिळत नाही.

दिशा मिळाली ती कीबोर्डजवळ. लाकडी स्टेज उभारलं होतं, लाल पडदा होता, आणि लहानपणीच्या मधलीचं काम करणारी मुलगी गाण्याचा सराव करत होती. सगळे तिला चिमणी म्हणत. आवाज गोड होता, कोवळा, आणि वरची ओळ ती अगदी काठाला पाय लावून परत यावी तशी गात होती. सराव संपला. चिमणी पडद्यामागे पळाली. कीबोर्डवाल्याने एक बटण दोन-तीनदा दाबलं आणि पुन्हा सूर धरला. तेच गाणं, पण बरंच वर.

"पट्टी का चढवलीस?" मधलीने विचारलं.

कीबोर्डवाला त्यांच्या जुन्या कार्यक्रमांपासूनचा. त्याने मान वर केली नाही. "सरावाला काळी एक, टेकला काळी चार. सरांनी सांगितलंय."

"काळी चारमध्ये तिचा आवाज फाटेल."

"म्हणूनच."

दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे खुर्चीत होता. मधली समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्याने हसून शेजारची खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"त्या मुलीला माहितीये, पट्टी चढवलीय ते?"

"नाही. आणि कृपा करून सांगूही नका." त्याचा स्वर मऊ होता. "मॅडम, सांगितलं की मुलं अभिनय करतात. मला खरा चेहरा हवा. आवाज फाटतो, सगळी पोरं हसतात, ती गोंधळते, डोळे भरतात. एकाच टेकमध्ये मिळेल. दुसऱ्यांदा तो चेहरा येत नसतो."

"अभिनय नको होता, तर अभिनय करणारी मुलगी कशाला आणलीत?"

"एक मिनिटाची तर गंमत आहे. नंतर तिला चॉकलेट देऊ."

"मलाही दिलं होतं चॉकलेट. माझीही एक मिनिटाचीच गंमत होती. मला अजून पुरतेय."

"बघा, म्हणूनच प्रसंग जिवंत आहे!" तो खरोखर खूश होऊन म्हणाला.

मधलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. या माणसाला शिव्या घालून उपयोग नव्हता; त्याने त्याही सिनेमात घेतल्या असत्या. "तिच्या आईला सांगितलंय?"

"परवानगी घेतलीय. तपशील सांगितले नाहीत."

"मग मी सांगते तपशील."

"मॅडम, मॅडम! तुमचा हात टेबलावर होता!" तो मागून ओरडला. त्याला तो रिवाज फार आवडला होता, तो त्याने सिनेमातही घातला होता.

पडद्यामागे चिमणी एका खोक्यावर पाय हलवत बसली होती. तिची आई तिच्या रिबिनीची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. मधली खाली जमिनीवर बसली, म्हणजे चिमणीला मान वर करावी लागू नये.

"मी काय सांगते ते नीट ऐक," ती म्हणाली. "तू आता गाशील तेव्हा बाजा मघापेक्षा वर वाजेल. मुद्दाम. वरच्या ओळीला तुझा आवाज फाटेल. मग समोरची सगळी मुलं हसतील. त्यांना हसायला सांगितलंय."

आईचा हात रिबिनीवर थांबला. "मला म्हणाले, नुसतं गाणं आहे. चल गं, ऊठ. आपण जाऊ घरी."

"थांब ना, आई." चिमणीने भुवया जवळ आणल्या. "माझ्यावर हसणार की गाण्यावर?"

खोटं सांगणं सोपं होतं. "तुझ्यावर," मधली म्हणाली. "पण स्टेजवर तू म्हणजे मी आहेस ना, लहानपणीची. म्हणजे माझ्यावर."

"म्हणून तुम्ही चिडलाय?"

"म्हणूनही. आणि तुला सांगितलं नाही म्हणून जास्त."

चिमणीने विचार केला. मग तिलाही राग आला. तो तिच्या नाकपुड्यांत दिसला. "सांगायला काय झालं होतं? मला रडता येतं की! उजव्या डोळ्यातून आधी येतं, मग डाव्या. त्यांनी विचारलंच नाही. फाटका आवाज पण येतो." आणि तिने असा काही आवाज काढला की पडद्यापलीकडून कोणीतरी विचारलं, "कोणाचा पाय दारात सापडला?"

मधलीला सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "तुझा आवाज खरंच फाटला ना, तर घसा आवळू नकोस," ती म्हणाली. "ती ओळ जाऊ दे. श्वास घे, खाली उतर, पुढचा शब्द धर. आवाज फाटतो, तू फाटत नाहीस. आणि नको वाटलं तर हात वर कर. मी कॅमेऱ्याशेजारी उभी आहे. मी थांबवीन, कोणी काही म्हणो."

"नाही करणार हात वर," चिमणी म्हणाली. "माझं काम आहे हे." आईने एक उसासा टाकला आणि रिबिनीची गाठ पक्की केली.

टेक सुरू झाला. पोरं रांगेत बसली. धाकटी पोरांच्या मागे येऊन उभी राहिली, खिशात ड्रमच्या काठ्या. "तुमचं दोघींचं काय बिनसलंय?" तिने मधलीच्या कानात विचारलं. "झाड आत नुसतं फणफणतंय. पानं गळतायत त्याची."

"नंतर सांगते."

चिमणी स्टेजच्या मधोमध आली. विंगेत थोरली उभी होती, कानांत कापूस, फांद्या पसरलेल्या. हातांची अशी अवस्था असल्यामुळे बोळे आधीच घालून ठेवले होते. तिने फक्त पळायचं होतं.

बाजा वाजला, काळी चार. चिमणीने पहिली ओळ उचलली, दुसरी ओढली. तिसरीला तिची मान ताणली गेली, गळ्याची शीर वर आली, आणि आवाज टर्रकन फाटला. पोरं हसली. आधी सांगितल्यामुळे हसली, मग खरंच हसली. चिमणी गप्प झाली. ओठ थरथरले. उजव्या डोळ्यातून पाणी आलं, मग डाव्या. मग ठरल्याप्रमाणे तिने झाडाकडे पाहिलं.

"झाड, पळ!" दिग्दर्शक कुजबुजला.

झाड हललं नाही.

"पळ! कापूस काढा रे कोणीतरी तिचा, तिला ऐकू येत नाहीये. पळा, मॅडम!"

झाड हललं, पण भलतीकडे. खोड दोन्ही बाजूंनी घासत, पडद्याचा कोपरा फांदीत अडकवून मागे ओढत थोरली सरळ स्टेजवर आली आणि चिमणीशेजारी उभी राहिली. तिला हात धरता येत नव्हता. तिने फांदी खाली केली, चिमणीने ती पकडली.

"कट!"

"तुमच्या कटाला आग लागो!" थोरली इतक्या मोठ्याने ओरडली की पोरं चिडीचूप झाली. कानात कापूस असल्याने आपण किती ओरडतोय हे तिला कळत नव्हतं. "पट्टी कोणी चढवली? कापसातून मला काय कळत नाही? हे गाणं मी बांधलंय! पोरीला खरंच रडवताय? मला म्हणालात, मुलगी नाटक करणार आहे!"

"ताई," चिमणी खालून म्हणाली. ताईला ऐकू गेलं नाही. चिमणीने फांदी ओढली, थोरली वाकता येईल तेवढी वाकली, चिमणीने तिच्या एका कानातला बोळा काढला. "ताई, मी खोटं रडत होते. आवाज तेवढा खरा फाटला."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या मधलीकडे पाहिलं. तपकिरी रंगाखाली तिचा चेहरा लाल झालेला दिसत होता. "तू सांगितलंस तिला."

"हो."

"आणि मला नाही."

"तू विचारलं नाहीस," मधली म्हणाली.

दिग्दर्शक उठला होता. "छान. फारच छान. चेहरा मला मिळालाय. आता फक्त झाड पळायचं बाकी आहे. मॅडम, तुम्हाला जमत नसेल तर उतरवा पोशाख. कोणीही पळेल. चेहरा दिसायची गरज नाही."

"मी हात उचलतेय," मधली म्हणाली. "टेबल नसेल, तरी उचललाय. पोरं ओरडणार नाहीत, पोलीस म्हणणार नाही. हा विनोद सिनेमात राहणार नाही."

"करार झालाय! सह्या आहेत तिघींच्या! दोघी तर तयारच होत्या!"

"आमच्यात एक नकार पुरतो," धाकटी पोरांच्या मागून म्हणाली. "आणि वकिलाला बोलवणार असाल तर बोलवा. त्याला पण काहीतरी वाजवायला देऊ."

"पोशाख उतरवा," दिग्दर्शक थोरलीला म्हणाला. त्याचा मऊ स्वर आता गेला होता. "झाड एकच बनवलंय. दुसरं बनवायला आठवडा जाईल. उतरवा."

थोरलीने पाय फाकवले, खोड लाकडी फळ्यांवर नीट रोवलं. "नाही उतरवत."

"मग तिथेच उभ्या राहणार?"

"झाडं आणखी काय करतात?"

पोरांमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळीच हसली. भोंग्यातून कोणीही सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकाने टोपी जमिनीवर आपटली, फोन काढला आणि शेडबाहेर गेला. बाहेरून त्याचा आवाज येत राहिला; तो कोणाशी तरी तावातावाने झाडाविषयी बोलत होता. दिवे एकेक करून बंद झाले. चिमणीला तिच्या आईने उतरवून घेतलं. जाताना चिमणीने फांदी सोडली नाही तोपर्यंत थोरलीने ती वर केली नाही.

पोरांना घेऊन धाकटी बाहेर गेली, आणि शेडमध्ये दोघीच उरल्या.

"मी तुझ्यासाठी आले नाही," थोरली म्हणाली. "त्या पोरीसाठी आले."

"माहितीये."

"आणि मी अजून चिडलेय."

"मीसुद्धा. तू सांगितलंस ते ऐकूनही."

"दुसऱ्यांदा तुझ्यापायी माझं झाड गेलं. तेव्हा वाक्य गेलं, आता हशा गेला."

मधली स्टेजवर चढली आणि समोर जाऊन उभी राहिली. थोरलीच्या चेहऱ्यावरचे तपकिरी पट्टे घामाने ओघळले होते.

"नाक," थोरली दात आवळून म्हणाली.

मधलीने हात वर केला आणि तिचं नाक खाजवलं.

"डावीकडे. अजून वर. नीट खाजव की, जीव गेला का हातातला?"

"गप्प उभी राहा," मधली म्हणाली, आणि नीट खाजवलं.